आत्याकडून वाचून घेणे

धार, १२ नोव्हेंबर २००६

चि. स्वानंद यास, एका अपमानित हस्ताक्षराचा आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या आईला जे बोललास ते तिनं मला शब्दशः सांगितलं. तिखटमीठ लावायची तिला गरजच पडली नाही. "बाबांना सांग, पत्र नका लिहू. एक तर मराठी, त्यात ते अक्षर. चींटियों की बारात निकली हो जैसे." हे उद्गार तू ज्या माणसाबद्दल काढलेस त्याला शाळेत असताना सुवाच्य अक्षराबद्दल पितळी दौत बक्षीस मिळालेली आहे. दौत अजून कपाटात आहे. तिच्यात सध्या तुझी आई सुया ठेवते, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा माझी फिर्याद रीतसर नोंदवून घे. आरोपी तेवीस वर्षांचा असून त्याला दुकानांच्या पाट्या, क्रिकेटचे आकडे आणि मोबाइलवरचे इंग्रजी अक्षरांतले हिंदी निरोप वाचता येतात. बापाचं पत्र तेवढं वाचता येत नाही. आरोपीला हिंदी शाळेत फिर्यादीनंच घातलं होतं, हा मुद्दा बचावपक्ष काढील, म्हणून मीच काढून ठेवतो. तरीही शिक्षा ही झालीच पाहिजे. ती अशी: माझं प्रत्येक पत्र न फोडता देवासातल्याच शशीआत्याकडे न्यायचं आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. आत्याचा जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेला आहे, तिला माझं अक्षर लागतं. तुझ्या कारखान्याची सुटी गुरुवारची, आणि गुरुवारी तिच्याकडे थालीपीठ असतं. हा योगायोग आहे. पाकिटावर मी 'आत्याकडून वाचून घेणे' असं ठळक लिहिलं आहे. तेवढं तुला वाचता आलं असेल.

शशे, आता तू हे वाचतेच आहेस तर तुलाही सांगतो. इथे थांब, चष्मा काढ, आणि त्याच्या ताटात आणखी एक वाढ. तो नको म्हणेल. माळव्यातल्या पोरांना नको म्हणायची सवय असते, वाढायचं असतं. लोणी घातलंस ना?

स्वानंद, मागच्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी देवासला आलो होतो तेव्हा तुझी खोली पाहिली. खोली चांगली आहे. खिडकी तेवढी उघडत जा, समोर टेकडी दिसते, तिचं भाडं वेगळं लावलेलं नाही. कुकरमध्ये जी डाळ होती तिला मी डाळ म्हटलं ते वात्सल्यापोटी. मग आपण स्टँडसमोर कचोरी खाल्ली. तू अर्धी ठेवलीस. देवासच्या स्टँडवर अर्धी कचोरी टाकून उठलेला माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला, आणि दुकानदारानंही, असं त्याच्या तोंडावरून वाटलं.

त्या दिवशी किती विषयांवर बोललो आपण. शेवेचा भाव, आमच्या प्राचार्यांची नवी स्कूटर, आईची गुडघेदुखी. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की एक विषय राहूनच गेला. असो. पुढच्या खेपेला.

आईनं लाडू दिले आहेत. दिवाळी होऊन गेली, तू आला नाहीस, पण लाडूंना ते माहीत नाही.

बाबा


धार, ३ डिसेंबर २००६

चि. स्वानंद, आणि वाचणारी चि. शशिकला, दोघांनाही आशीर्वाद. दोघांत भांडण न करता वाटून घ्यावा.

शशीचं कार्ड आलं. तिचा अहवाल असा: "मुलगा आला. तीन खाल्ली, चौथं अर्धं. पत्र वाचताना एकदा हसला. कुठे ते सांगणार नाही, नाहीतर तू दर वेळी तेच लिहिशील." या बाईनं शाळेतून मुदतीआधी निवृत्ती घ्यायला नको होती.

तुझी तक्रारही तिनं खाली लिहून पाठवली: आत्या मध्ये मध्ये थांबून स्वतःचं घालते. बाळ, भाष्याशिवाय मूळ ग्रंथ कळत नाही, ही आपली जुनी परंपरा आहे. तू ऐक आणि जेव.

इकडची मोठी बातमी म्हणजे मी संगणक शिकतो आहे. घोडाचौपाटीवर कृष्णाजींचा टायपिंगचा क्लास होता, आठवतो? टाइपरायटरं गेली, संगणक आले. पाटी तीच, खाली 'सायबर' तेवढं रंगवून घेतलं आहे. दिवाळीआधी मी पहिल्यांदा गेलो तर कृष्णाजी खुर्चीवरून उठले.

"माट्साब, तुम्ही? रस्ता चुकलात का?"

"संगणकावरचं पत्र पाठवायला शिकायचंय."

"कशाला?"

"प्रश्नपत्रिका पाठवायच्या असतात हल्ली."

"दिवाळीच्या तोंडावर प्रश्नपत्रिका?"

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनीही ताणलं नाही. चांगला माणूस आहे. नुसतं म्हणाले, "माउस को इतना कस के मत पकड़ो, भिया. पळत नाही तो."

पहिलं पत्र लिहायला सबंध दुपार गेली. शेवटी बटण दाबलं आणि ते कुठे गेलं कुणालाच कळलं नाही. कृष्णाजी म्हणाले, गेलं. मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, "अब माट्साब, इतना गहरा मत जाओ."

माझी एक शिक्षिकाही आहे. याच यंत्रातून तिची ओळख. वयानं तुझ्याएवढी असेल. रोमन लिपीत हिंदी लिहिते. मी तिला माझ्या समजुतीप्रमाणे सोपं हिंदी लिहितो. तिचं उत्तर आलं: "काका, आपका मेल पढ़कर लगता है आकाशवाणी लग गई।" पहिल्या इयत्तेत नापास झालो. आता सुधारणा आहे. काल तिनं लिहिलं, आपकी हिंदी अब इंसानों जैसी हो रही है.

ती काय शिकवते असं विचारशील. सांगायला अवघड आहे. बोलायला शिकवते म्हण. या वयात, संस्कृतची एवढी घोकंपट्टी केल्यावर, एक मुलगी मला बोलायला शिकवते आहे. आणि मी हळू शिकतो.

आई विचारते, स्वेटर वापरतोस का? तिनं त्याच्या बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत. ती मापात चुकली असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्याला सकाळच्या पाळीला हात आत ओढून घेता यायला हवेत." प्रेमाची काही कामं विद्वानांकडे सोपवू नयेत.

शशे, त्याला विचार की झोप लागते का. मी विचारलं असं सांगू नकोस. हे मोठ्यानं वाचू नकोस असं लिहायला हवं होतं. वाचलंस ना? वाचलंसच.

बाबा


धार, २४ डिसेंबर २००६

चि. स्वानंद,

आज फिर्याद नाही. आज मीच पिंजऱ्यात आहे.

शशीनं या वेळी कार्ड नाही, लिफाफा पाठवला. म्हणजे गोष्ट गंभीर. ती पैशाला फार जपते. तिनं लिहिलं: पत्र वाचून झालं, मुलगा ताटावरून उठला नाही, बोटानं ताटात रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "आत्या, लाडू घेऊन बाबा होस्टेलला आले होते ना, उस दिन वो कुछ बोले क्यों नहीं? एक शब्द नहीं. मारलं असतं तरी चाललं असतं." शशीनं तो प्रश्न माझ्याकडे पाठवला, खाली रेघ मारून, जशी ती वह्यांत मारायची.

शशीला सगळं ठाऊक नसेल, म्हणून तिच्यासाठी आधी थोडक्यात. इंदूरला हा इंजिनीअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झाला, नाव कमी झालं, आणि तरीही वर्षभर घरी सांगत राहिला की सगळं ठीक आहे. मी न कळवता लाडू घेऊन गेलो. खोलीत दुसराच मुलगा होता, बडवानीचा. तो म्हणाला, "अंकल, वो तो कब का छोड़ गया." तू गल्लीतल्या एका मेसमध्ये हिशोब लिहीत होतास. मला बघून उभा राहिलास.

मी काय केलं ते तुला आठवतं. मी डबा पुढे केला आणि म्हणालो, "प्राप्तकर्त्याचा पत्ता बदलला की टपालखात्याला कळवावं." मग आपण धारच्या बसमध्ये बसलो. बदनावरला जाणारं एक वऱ्हाड चढलं, त्यांच्या बँडवाल्याबद्दल मी आणखी एक विनोद केला. तू खिडकीबाहेर बघत होतास. आठवड्याभरानं तू देवासला नोकरी धरलीस.

रागावलो का नाही, असं विचारतोस. राग आलाच नव्हता. तू उभा राहिलास तेव्हा तुझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि तिथे टाचणी लावलेली होती. मला तेवढंच दिसत होतं. मेसमधल्या त्या अंधाऱ्या जागी वर्षभर हा पोरगा रोज सकाळी स्वतःला टाचणी लावून

(इथे मी थांबलो होतो. दुसऱ्या शाईवरून कळेलच. शशे, तू थांबू नकोस, वाच.)

आमच्या वडिलांच्या घरी रडायचं नाही अशी पद्धत होती. रागवायचंही नाही. भाऊ, म्हणजे माझे थोरले भाऊ, गेले तेव्हा तेराव्याला वडिलांनी स्वैपाक्याच्या बासुंदीवर एक श्लोक रचून म्हटला होता. लोक हसले. त्या घरात मी बोलायला शिकलो. माझी नवी शिक्षिका म्हणते, "काका, आप सवाल नहीं पूछते, प्रश्नपत्रिका निकालते हो. और फिर जवाब भी खुद ही लिख देते हो।" गुण द्यायला ती कडक आहे.

तू शशीकडे विचारलंस हे मला आवडलं. मला विचारलं असतंस तर मी विनोद केला असता. तिच्याकडे विचार. माझ्यापर्यंत पोचतं.

बाबा


धार, १५ जानेवारी २००७

चि. स्वानंद यास, तिळगुळासकट.

एका विनाकारण झालेल्या धावपळीचा वृत्तांत सादर करतो.

गेल्या आठवड्यात शशीचं कार्ड: "मुलगा आला नाही." आला नसेल, मी म्हटलं. मग परवा दुसरं: "याही गुरुवारी नाही. सायंकाळी खोलीवर जाऊन आले. कुलूप." तिचा गुडघा माझ्या बायकोच्या गुडघ्याहून वाईट आहे आणि तुझी खोली जिन्यावर आहे, हे लक्षात घे.

तुझ्या आईनं चहाचं आधण तसंच ठेवलं. तुझा मोबाइल बंद लागत होता, म्हणून मी कॉलेजात गेलो आणि प्राचार्यांच्या खोलीतून कारखान्याला फोन लावला. तिथून एक साहेब म्हणाले दुसऱ्यांना विचारा, दुसरे म्हणाले पॅकिंगला विचारा. शेवटी तू आलास. यंत्रांचा आवाज होता. तू म्हणालास, "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" तुझा आवाज आला तसा मी प्राचार्यांच्या खुर्चीत बसलो. ते उभेच राहिले बिचारे.

मग एवढी माणसं हलवून मी तुला काय विचारलं? "तिळगूळ पाठवू का?"

तू म्हणालास, पाठवा. पाळी बदलली आहे, गुरुवारी दुसऱ्याच्या बदली काम करतोय, शनिवारी जाईन आत्याकडे. मी म्हटलं, बरं. तू म्हणालास, "बाबा, इतकंच?" मी म्हटलं, इतकंच.

इतकंच नव्हतं, हे तुलाही कळलं असेल. संध्याकाळी कृष्णाजींकडे जाऊन मी शिक्षिकेला सगळं लिहिलं. तिनं लगेच लिहिलं: "काका, सीधा पूछ लीजिए। पूछने से किसी के मन में बात नहीं आती। बात तो पहले से होती है। पूछने से बस वो अकेली नहीं रहती।" मी दोनदा वाचलं. कृष्णाजी बाजूलाच बिलं फाडत होते, म्हणाले, "कठीण पेपर आहे का, माट्साब?"

शशे, शनिवारचं थालीपीठ चालेल का तुला? व्रत मोडत असेल तर माझ्या नावावर मोड.

आणखी एक. स्वानंद, तू गेल्या खेपेला आत्याच्या हातातून पत्र ओढून घेऊन मधल्या दोन ओळी स्वतः वाचून दाखवल्यास, असं कळलं. 'टपालखातं' अडलं, बाकी बरोबर. शशी आनंदानं लिहिते आहे. मला आनंद कमी आणि काळजी जास्त वाटली. तू स्वतः वाचायला लागलास तर शिक्षा संपेल आणि माझं सगळं काम बिघडेल. तेव्हा यापुढे अक्षर आणखी बिघडवत आहे. सूचना असावी.

तिळगूळ घे. गोड बोलायचं मी बघतो. आधी नुसतं बोलता आलं पाहिजे.

बाबा


देवास, ४ फेब्रुवारी २००७

स्वानंद,

हे पत्र आत्याकडे नेऊ नकोस. तुझं तू वाच.

म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सुटं सुटं. ओळींमध्ये जागा सोडून. तुला वाचता येईल. अक्षर माझं एवढं वाईट नाही. मी ते मुद्दाम बिघडवत होतो. तुला पत्र घेऊन कुणाकडे तरी जावं लागावं, तिथे बसावं लागावं, जेवावं लागावं, म्हणून. शशीला हे ठाऊक होतं. आईलाही.

तुझ्या खोलीसमोर चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर बसून लिहितो आहे. तुझी पाळी दुपारी सुटते. आई आत्याच्या घरी आहे.

आधी एक वाईट बातमी. ती तू दुसरीकडे एकट्यानं वाचू नयेस म्हणून मी आलो.

तुमच्या त्या इंटरनेटवरच्या गटात, जिथे मरावंसं वाटणारी माणसं एकमेकांशी बोलतात, तिथे गौरैया, म्हणजे चिमणी, असं नाव घेतलेली एक मुलगी होती. तुझ्याशी रोज बोलायची. ती गेली, स्वानंद. तिनं स्वतःचा जीव घेतला. काल मला संगणकावर तिच्या भावाचं पत्र आलं. अंकुर त्याचं नाव. तिचं खरं नाव अक्षदा होतं. त्यानं लिहिलं की दीदीच्या डाकेत तुमची पत्रं सापडली, म्हणून कळवतो.

मला ती कशी माहीत, हे आता सांगतो.

ऑक्टोबरमध्ये तू गटात लिहिलं होतंस की आता बोलायचंही राहिलं नाही. मग तू दिसेनासा झालास. ती घाबरली. तिला तुझं नाव माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की तू देवासला असतोस, आणि तुझे वडील धारला संस्कृत शिकवतात, आणि घरी कुणी रागवत नाही, सगळे विनोद करतात. तेवढ्यावरून तिनं कॉलेजचा नंबर शोधला. शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. मी फोन घेतला. ती म्हणाली, "आप मुझे नहीं जानते। आपका बेटा ठीक नहीं है। अभी टाइम है, काका।"

त्याच दिवशी मी देवासला आलो. परीक्षेचं काम नव्हतं. तुझ्यासमोर बसून मी कचोरीबद्दल बोललो.

तिनं मला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही. गटात एकमेकांचा पत्ता शोधायचा नाही असा नियम होता. तो तिनं मोडला होता. तुला कळलं तर तू तिच्याशी बोलणं सोडशील, आणि मग तुझ्याजवळ कुणीच राहणार नाही, असं तिला वाटायचं. म्हणून मी गप्प राहिलो. मी तुमच्या गटात कधी शिरलो नाही. तिथलं तुझं काहीही वाचलं नाही. ती फक्त एवढंच कळवायची: आज बोला. आज हँसा. आज नहीं आया.

माझी शिक्षिका तीच.

मी तिला दर पत्रात विचारायचो, स्वानंद कसा आहे. शेवटी लिहायचो, तू कशी आहेस. पत्राच्या शेवटी लिहितात तसं. ती लिहायची, ठीक हूँ काका. मी पुढे जायचो. तिनं माझं कॉलेज, त्याचा नंबर, सगळं शोधून काढलं. तिचं गाव कोणतं, हे मला काल तिच्या भावाच्या पत्रावरून कळलं. सागर. आमच्यासारखीच माणसं. घरात मराठी, बाहेर हिंदी. मी फोन करू शकलो असतो. कुणाला करायचा ते मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

काल मी कृष्णाजींच्या दुकानात रडलो. त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं. पाणी दिलं.

तू तिच्याशी बोलायचास याबद्दल मला राग नाही. उलट आहे ते ऋण आहे. घरी बोलता आलं नाही म्हणून तू तिथे गेलास, आणि तिथे ती होती. ती गेली म्हणजे तिनं तुला सांगितलेलं खोटं ठरलं असं समजू नकोस. ती आजारी होती, आणि तिच्या बाजूनं फोन करणारं कुणी नव्हतं. तुझ्या बाजूनं आहेत. आई आहे, आत्या आहे, मी आहे. आम्हाला नीट येत नाही. शिकतो आहोत.

इंदूरला मनाचे एक डॉक्टर आहेत. त्यांची वेळ घेतली आहे. मी सोबत येईन. तू म्हणालास तर आत येईन, नाहीतर बाहेर बाकावर बसेन. काही दिवस रजा काढ आणि आत्याकडे राहा, किंवा घरी चल. घरी कुणी काही विचारणार नाही असं मी म्हणणार नाही. या वेळी विचारू.

हे सगळं मी तोंडानं सांगायला हवं. पण तोंड उघडलं की माझ्याकडून विनोद होतो, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहून तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचेपर्यंत गप्प बसणार आहे. वाचून झालं की वर बघ. मी समोर असेन.

आता विचारतो. मला तिनं शिकवलं तसं.

तुझ्या मनात मरायचे विचार येतात का? अजून येतात का?

येत असतील तर हो म्हण. नुसती मान हलवलीस तरी चालेल. मी ओरडणार नाही. मी उठून जाणार नाही.

तुझ्या शिक्षणाची मला चिंता नाही. नोकरीचीही नाही. लोक काय म्हणतात ते मी बावन्न वर्षं ऐकतो आहे. मला एकाच गोष्टीची भीती वाटते, आणि ती रोज वाटते. वर्ग चालू असेल, शिपाई दारात येईल, फोन आहे म्हणेल. मी जाईन. आणि पलीकडचं माणूस 'अभी टाइम है' असं म्हणणार नाही.

बाबा